झिरोच्या संगीत महोत्सवाला तंबूत राहायला जाताना: सामान आणि तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झिरोला जायचं ठरलं की मुंबई-पुण्याकडच्या मंडळींचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. परवाना कसा काढायचा, तंबू विकत घ्यायचा की भाड्याने, कपडे किती न्यायचे, शाकाहारी माणसाचं कसं होणार. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो: झिरोची तयारी म्हणजे चार दिवस पाय, अंथरूण आणि कपड्यांचा एक जोड कोरडा ठेवण्याची तयारी. एवढं जमलं तर बाकी काही विसरलं तरी निभावतं.

हा महोत्सव नेमका कुठे आणि कधी असतो?

अरुणाचल प्रदेशातल्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यात झिरो नावाचं खोरं आहे. चहूबाजूंनी पाइनचे डोंगर, मधे सपाट भातखाचरं आणि त्यांच्या कडेकडेने आपातानी लोकांची गावं. तिथे सप्टेंबरच्या अखेरीस चार दिवस हा महोत्सव भरतो. तिथलेच बॉबी हानो आणि दिल्लीच्या बँडमधले गिटारवादक अनुप कुट्टी यांनी २०१२ साली तो सुरू केला. रंगमंच स्थानिक कारागीर बांबूचे बांधतात. दिवसाच्या रंगमंचाला सूर्याचं आणि रात्रीच्या रंगमंचाला चंद्राचं नाव आहे, कारण सूर्य-चंद्र ही तिथली दैवतं. ईशान्येकडचे बँड, लोकगायक, देशभरातले आणि बाहेरचे कलाकार असं सगळं मिश्रण असतं. तंबूंची वस्ती मैदानाच्या आसपासच पडते.

आपल्याकडे याच सुमाराला कधी गणपती असतात, कधी पितृपक्ष, कधी नवरात्र तोंडावर आलेलं. घरच्या कार्यक्रमांशी तारखा ताडून पाहा आणि विमानाची तिकिटं लवकर काढा. महोत्सवाचा पास एक वेळ थोडा उशिरा काढला तरी चालतो, गुवाहाटीच्या तिकिटाला उशीर परवडत नाही.

सामानाच्या आधी कोणते कागद लागतात?

इनर लाइन परमिट. हा परवाना नसेल तर अरुणाचलच्या वेशीवरूनच परत यावं लागेल. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली ही पद्धत आहे. अरुणाचलबाहेरच्या प्रत्येक भारतीय नागरिकाला परवाना काढावा लागतो. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करता येतो. फोटो, आधार किंवा मतदार ओळखपत्रासारखा एक पुरावा आणि प्रवासाच्या तारखा द्यायच्या.

यात लोक तीन ठिकाणी अडकतात. पहिलं नावाचं. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि अर्जात फक्त नाव-आडनाव, असं करू नका. ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. दुसरं तारखांचं. परतीच्या तारखेला दोन दिवस जादा धरा, कारण पावसात दरड कोसळून रस्ता बंद होणं तिकडे नेहमीचं आहे. तिसरं छापील प्रतीचं. परवाना फोनमध्ये असतो, पहाटे तपासणीला उभं राहिल्यावर फोनची बॅटरी संपलेली असते. कागदावर दोन प्रती काढा, एक खिशात आणि एक सॅकच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. तपासणी इटानगरजवळच्या नाहरलगुन रेल्वे स्टेशनवर होते, बंदरदेवाच्या नाक्यावर होते, आणि आसामातल्या लखीमपूरकडून आलात तर किमीनला होते.

माझा भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. त्याला हाच परवाना चालेल का?

नाही. ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशी आहे, त्यामुळे त्याला संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. तो नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत काढणं सोयीचं पडतं आणि त्याला वेळ लागतो. भारतात उतरल्यावर बघू असं म्हणू नका. तिकडून निघण्याच्या पुष्कळ आधी हे काम मार्गी लावा.

मुंबई-पुण्याहून पोचायचं कसं?

सोयीचा रस्ता गुवाहाटीवरून जातो. विमानाने गुवाहाटी, तिथून रात्रीच्या गाडीने नाहरलगुन, आणि सकाळी स्टेशनबाहेरून शेअर सुमो पकडून झिरो. हा शेवटचा टप्पा साधारण शंभर किलोमीटरचा आहे, पण घाटाचा. चार तास धरा, पाऊस असेल तर जास्त. महोत्सवाच्या दिवसांत सुमोच्या जागा भराभर संपतात, म्हणून स्टेशनवर उतरल्यावर चहा नंतर, आधी काउंटर.

इटानगरजवळ होलोंगीला दोन्यी पोलो विमानतळ नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे विमानाची वेळ जुळली तर एक रात्र वाचते. मुंबईहून गुवाहाटीपर्यंत रेल्वेनेही जाता येतं, पण त्यात दोन दिवसांच्या आसपास जातात. सुट्टी असेल तर जरूर जा.

गाडी लागणाऱ्यांनी सुमोत बसण्याच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी. चक्कर यायला लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही.

पाऊस खरंच पडतो का? सप्टेंबर संपत आलेला असतो ना?

पडतो. ईशान्येतला मोसमी पाऊस आपल्यासारखा गणपतींबरोबर आवरतं घेत नाही, ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. चारही दिवस लख्ख ऊन पडल्याची वर्षं आहेत आणि चारही दिवस झड लागल्याचीही आहेत. हवामानाचा अंदाज आठवडाभर आधी बघून सामान ठरवू नका. खोरं डोंगरांनी वेढलेलं आहे, दुपारी ऊन असतं आणि चारला ढग भरून येतात. पाऊस पडणार हे धरूनच बांधा.

आणि पावसापेक्षा चिखल जास्त छळतो. मैदान म्हणजे एरवी गवताळ जमीन. हजारो पावलं दोन दिवस एकाच वाटेवरून गेली की घोट्यापर्यंत पाय रुतायला लागतात, भातलावणीच्या वेळी चिखलणी केलेल्या खाचरात रुततात तसे.

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचं सामान आहे. तेच नेलं तर?

बरंचसं चालेल, पण विचार करायची पद्धत बदलावी लागेल. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला आपण भिजायलाच जातो. संध्याकाळी गाडीत बसलं, घरी गेलं, कोरडे कपडे घातले, गरम वरण-भात खाल्ला, झालं. एखाद्या मुक्कामाची गोष्ट असली तरी गावातल्या कुणाच्या तरी पडवीत चूल पेटलेली असते. झिरोला भिजल्यावर त्याच तंबूत सलग चार रात्री झोपायचं असतं आणि कपडे वाळवायला जागा नसते. हवेत इतका दमटपणा असतो की दोरीवर टाकलेला मोजा दुसऱ्या दिवशीही ओलाच लागतो.

म्हणून ट्रेकचे बूट, ट्रॅकपँट, हेडटॉर्च, कॅरीमॅट हे सगळं घ्या, पण त्याच्या जोडीला ‘फक्त झोपताना’ घालायचे कपडे वेगळे ठेवा. एक पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, एक विजार, लोकरीचे मोजे, कानटोपी. हा जोड तंबूबाहेर जाणार नाही. कितीही मोह झाला, बाकी सगळं ओलं झालं, तरी नाही. चार दिवस धडधाकट राहिलेली आणि तिसऱ्या दिवशी कणकणलेली माणसं यांच्यातला फरक मी बहुतेक वेळा इथेच पाहिला आहे.

स्वतःचा तंबू न्यावा की भाड्याने घ्यावा?

पहिल्यांदाच जात असाल तर भाड्याने घ्या. लावलेला तंबू, खाली मॅट आणि स्लीपिंग बॅग असं एकत्र देणारे तिथे असतात. विमानातलं वजन वाचतं आणि पोचल्यावर अंधारात खुंट्या ठोकत बसावं लागत नाही. फक्त आधी विचारून घ्या: तंबूला वरचं आवरण वेगळं आहे का, स्लीपिंग बॅग धुतलेली असते का, तंबू मैदानापासून किती लांब आहे. स्वतःचं पातळ आतलं अस्तर नेलंत तर उत्तम. जुन्या सुती चादरीची तीन बाजूंनी शिवलेली खोळ तेच काम करते आणि दुसऱ्याने वापरलेली बॅगही मग खटकत नाही.

स्वतःचा नेणार असाल तर दुहेरी आवरणाचाच न्या. आत जाळीचा तंबू आणि वर पाणी न झिरपणारं कापड, असा. कापडाच्या माहितीत मिलिमीटरमध्ये एक आकडा दिलेला असतो, कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब पेलतं त्याचा तो आकडा. वरच्या कापडाला २,००० आणि तळाला ३,००० किंवा त्याहून जास्त असेल तर निश्चिंत राहा. उन्हाळी सहलीचे एकेरी, स्वस्त तंबू झिरोच्या एका रात्रीतही टिकत नाहीत. आणि ‘दोन माणसांचा’ असं लिहिलेलं असेल तर एक माणूस आणि त्याचं सामान असं समजा. दोघे असाल तर तिघांचा घ्या.

तंबू लावताना काय बघायचं?

जागा. बाकी सगळं नंतर. सगळ्यांना सपाट जागा हवी असते, पण सर्वांत सपाट जागा बहुतेक वेळा खोलगट असते आणि रात्री पाणी तिथेच साचतं. अर्धा वीत का होईना, उंचवटा शोधा. हलका उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू लावा. शौचालयांच्या वाटेवर लावू नका, रात्रभर टॉर्च तोंडावर येतात आणि कुणी ना कुणी दोरीत अडखळतं.

तंबूखाली ताडपत्री घालताना एक गोष्ट फार जण चुकवतात. ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर जराही दिसता कामा नये. ती बाहेर राहिली की वरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं आणि सरळ तुमच्या पाठीखाली जमा होतं. कडा आत दुमडून घ्या. वरचं आवरण आतल्या जाळीला कुठेही टेकू देऊ नका, टेकलं की तिथून थेंब आत उतरतात. त्यासाठी दोऱ्या ताणून बांधायच्या आणि खुंट्या तंबूपासून बाहेर कललेल्या ठोकायच्या. मऊ मातीत खुंट्या उपसून येतात, म्हणून पाच-सहा जादा ठेवा आणि सुतळीचा एक गुंडाही.

पाऊस आहे म्हणून झडपा पूर्ण बंद करून झोपू नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर धरते आणि पहाटे आतून पाणी ठिबकतं. तंबू गळतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण ही असते.

निघण्याआधी एकदा गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत तंबू लावून पाहा आणि वरून बादलीभर पाणी ओता. शिवणीतून कुठे पाझरतंय ते घरीच कळलेलं बरं.

रात्री थंडी किती असते?

झिरोची उंची कळसूबाईच्या शिखराच्या आसपास आहे. विरळ हवेचा त्रास होण्याइतकी ती नाही, पण पाऊस पडून गेलेल्या रात्री गारठा चांगलाच असतो. पारा १५ अंशांच्या खाली जाऊ शकतो आणि अंगावरचे कपडे दमट असले की तो आणखी बोचतो. १० अंशांपर्यंत आरामात झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग पुरते. पिसांची नको, कृत्रिम धाग्याची घ्या. पिसं ओली झाली की त्यांची ऊब जाते. थंडी खालून, जमिनीतून जास्त लागते, म्हणून कॅरीमॅटवर काटकसर करू नका.

पायात काय घालायचं?

गमबूट. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे साधे रबरी गमबूट. महागडे ट्रेकिंग बूट एका दुपारीत चिखलाने भरतात आणि परतीपर्यंत वाळत नाहीत. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या आणि आत पोटरीपर्यंत येणारे जाड मोजे घाला, नाहीतर रबराची कड पोटरीला घासून फोड येतात. वजनामुळे इथून नेणं जिवावर येत असेल तर झिरोच्या हापोली बाजारात मिळतात. गमबूट घालूनच फिरणारी माणसं तिथे वर्षभर असतात. मात्र महोत्सवाच्या आदल्या दिवशी मोठ्या मापांचे संपतात. ज्यांचं पाऊल दहा नंबरचं आहे त्यांनी घरून न्यावेत.

तंबूजवळ वावरायला रबरी सपाता न्या. गमबूट तंबूच्या आत न्यायचे नाहीत. बाहेर आवरणाखाली आडवे ठेवायचे, उभे ठेवले तर सकाळी त्यांत पाणी असतं.

कपडे किती न्यावेत?

तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मे. जीन्स अजिबात नको. ती भिजली की जड होते, थंड पडते आणि चार दिवसांत वाळत नाही. दोन पटकन वाळणाऱ्या विजारी, तीन-चार टीशर्ट, एक लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, आणि चांगला रेनकोट. रेनकोट गुडघ्यापर्यंतचा असेल तर सर्वांत छान. छत्री फक्त गावात फिरायला वापरा. रंगमंचासमोर उघडलेली छत्री मागच्या दहा जणांचा कार्यक्रम झाकते. मोजे मात्र भरपूर घ्या, रोज दोन जोड याप्रमाणे. नटायची हौस असेल तर अवश्य नटा, झिरोला लोक सुंदर कपडे करून येतात. एखादा रंगीत दुपट्टा किंवा टोपी एवढ्यात ते भागतं.

सॅक भरायची कशी?

सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून आत शिरतं, तिथे कव्हर नसतं. सॅकच्या आत आधी एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, धान्याच्या गोणीला आतून असते तशी, आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधा. त्यातही स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे पुन्हा वेगळ्या पिशवीत. कोरड्याची पिशवी आणि ओल्याची पिशवी वेगळ्या रंगांच्या असू द्या, कारण रात्री टॉर्चच्या उजेडात हात भलत्याच पिशवीत जातो. तंबू सॅकच्या वरच बांधा. पोचल्यावर पावसात पहिल्यांदा तोच लागतो.

देशांतर्गत विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान आणि ७ किलोची हातातली बॅग एवढीच मुभा असते. तंबू तीन किलो, गमबूट दोन, स्लीपिंग बॅग दीड. उरलेल्या साडेआठ किलोंत स्वतःला बसवायचं आहे. गमबूट पोकळ असतात, त्यांत मोजे कोंबा.

विमानात आणि रेल्वेत काय नेता येणार नाही?

शेगडीचा गॅसचा डबा हातातल्या बॅगेतही नाही, चेक-इनमध्येही नाही. रेल्वेतही ज्वालाग्राही सामान चालत नाही. लायटर आणि काडेपेटीही घरीच ठेवा. तसं पाहिलं तर चूल मांडायची गरजच नसते, तंबूंच्या दाटीत विस्तव नकोच. चाकू, कात्री, तंबूच्या खुंट्या चेक-इनच्या सामानात टाका. पॉवर बँक याच्या उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी.

पॉवर बँकेची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते. हिशोब सोपा आहे: २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-तास. ती चालते, आणि चार दिवस काटकसरीने वापरली तर एका फोनला पुरते.

नेटवर्क, चार्जिंग आणि पैशांचं काय?

नेटवर्क येतं आणि जातं. हजारो फोन एकाच मनोऱ्यावर तुटून पडले की जातंच. यूपीआयवर सगळी भिस्त ठेवू नका. रोख रक्कम गुवाहाटीलाच काढा, तीही शंभर-दोनशेच्या नोटांमध्ये. हापोलीत एटीएम आहेत, पण त्या दिवसांत रांगा लागतात आणि पैसे संपतात. नकाशा, तिकीट, परवाना, परतीचं आरक्षण हे सगळं फोनमध्ये आधी उतरवून ठेवा. बरोबरच्यांशी भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवा: ‘चुकामूक झाली तर आठ वाजता खाण्याच्या पहिल्या टपरीपाशी’.

आणि एक. तिकडे अंधार लवकर पडतो. मुंबईत सप्टेंबरअखेरीस साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झिरोत सव्वापाचला. सहा वाजता मिट्ट काळोख. हेडटॉर्च दुपारपासूनच खिशात असू द्या आणि सेलचा एक जादा संच ठेवा. पहाटही तशीच लवकर होते. पाच-सव्वापाचला उजाडतं आणि तंबूत झोप लागत नाही. डोळ्यांवर बांधायला पट्टी किंवा मोठा रुमाल घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

राहणार नाही, पण निवड कमी असेल. आपातानी जेवणात डुकराचं मांस, मासे, बांबूचे कोंब आणि धुरावलेलं मांस यांना मान आहे. खाणाऱ्यांनी पिके-पिला जरूर चाखावं. बांबूचे कोंब, डुकराचं मांस आणि वनस्पतींच्या राखेपासून केलेलं त्यांचं ‘ताप्यो’ नावाचं मीठ, यांचा तो पदार्थ. शाकाहारी माणसाला भात, डाळ, भाजी, मोमो, नूडल्स, मॅगी मिळतं. एकाच भांड्यात, एकाच पळीने शिजलेलं चालत नसेल तर आधी विचारा. टपरीवाल्या बायका स्पष्ट सांगतात.

घरून नेण्यासारखं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. गरम भात कुठेही मिळतो, त्यावर चमचाभर मेतकूट पडलं की रात्रीचं जेवण झालं. दशम्या किंवा धपाटे गाडीतल्या दोन दिवसांसाठी. पुढे दमट हवेत त्यांना बुरशी धरते. लाडू, चिवडा, भडंग हवाबंद डब्यातच, नाहीतर पहिल्याच रात्री सादळतात. खाणं तंबूत उघडं ठेवू नका. मुंग्या येतात आणि कधी कुत्रीही.

तिथली तांदळाची बिअर प्यावी का?

प्यायची सवय असेल तर प्या, बेताने. ती गोडसर आणि सौम्य लागते, म्हणून अंदाज चुकतो. रात्री चिखलातून तंबूपर्यंत चालत जायचं आहे हे डोक्यात ठेवा. थंडीत दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे. कातडीला ऊब वाटते, शरीर आतून थंड पडत जातं. अमली पदार्थांच्या वाटेला जाऊ नका. कायदा तिथेही तोच आहे.

शौचालय, आंघोळ आणि पाळीचे दिवस?

तात्पुरती शौचालयं असतात, सकाळी सात ते नऊ रांग असते. पाचला उजाडतं त्याचा फायदा घ्या आणि साडेपाचला उरकून टाका. स्वतःचा टिश्यू, साबणाचा कागद आणि पाण्याची एक वेगळी बाटली न्या. आंघोळ रोज होईल असं धरू नका. ओल्या पंचाने अंग पुसून घेतलं तरी बरं वाटतं. पाय मात्र रोज रात्री धुवा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा आणि पावडर लावा. दिवसभर गमबुटात राहिलेले पाय तसेच झोपवले की दुसऱ्या दिवशी चिखल्या होतात.

पाळीच्या दिवसांसाठी पॅड गरजेपेक्षा जास्त न्या, प्रवासाच्या दगदगीत तारीख मागेपुढे होते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि कचऱ्याच्या ठरलेल्या जागीच टाका, शौचालयात कधीही नाही. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर उकळलेलं पाणी मिळवण्याची सोय आधी बघा. कप पहिल्यांदा वापरून पाहायला ही जागा योग्य नाही.

औषधं कोणती?

तुमची नेहमीची, दोन दिवस जादा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्याशिवाय पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, सर्दीची गोळी, पट्ट्या, जखमेचं मलम, ओडोमॉस. दम्याचा त्रास असेल तर पंप कमरेच्या पिशवीत ठेवा, तंबूत नाही. जवळच्या टॅले व्हॅलीच्या जंगलात फिरायला जाणार असाल तर जळवांसाठी मिठाची पुडी.

मी एकटी येणार आहे. सुरक्षित आहे का?

एकट्या मुली, बायका पुष्कळ येतात आणि वातावरण मोकळं असतं. तरी गर्दी ती गर्दीच. तंबू कुटुंबांच्या किंवा इतर मुलींच्या तंबूंजवळ मागून घ्या. शेजारच्यांशी पहिल्याच संध्याकाळी ओळख करून घ्या, नाव-गाव सांगा. रात्रीचा शेवटचा कार्यक्रम संपल्यावर एकटीने परतण्याऐवजी त्यांच्याबरोबर या. नाहरलगुनला पहाटे उतरल्यावर शेअर सुमोतच बसा, अनोळखी खासगी गाडीत नको. पैसे आणि ओळखपत्र झोपतानाही अंगावरच्या पिशवीत.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना नेता येईल?

येईल, पण तंबूत नको. होंग, हिजा, हारी अशा गावांमध्ये लोक आपल्या घरी पाहुणे ठेवतात. तिथे राहा, दुपारचे कार्यक्रम ऐका आणि अंधार पडायच्या बेतात परत जा. मुलांच्या कानांवर जाड हेडफोनसारखी संरक्षक आवरणं घाला.

कानात बोळे घातल्यावर संगीत कसं ऐकायचं?

छान ऐकू येतं. आवाज कमी होतो, संगीत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलं की ती सहज गाठली जाते. फोमचे साधे बोळे वीस-तीस रुपयांना मिळतात. ते बोटांनी पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा आणि आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. नुसते टेकवले तर उपयोग नाही. रात्री झोपायलाही तेच कामाला येतात.

गावात फिरताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या खोऱ्यात आपण चार दिवस राहतो ते आपातानींचं शेत आणि घर आहे. भाताच्या खाचरात ते मासेही वाढवतात आणि खाचरांच्या बांधांवर नाचणी घेतात. पिढ्यान्‌पिढ्या हाताने राखलेलं पाटाचं पाणी सगळ्या खोऱ्याला पुरवतात. या भूप्रदेशाचं नाव २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. सप्टेंबरअखेरीस भात पिकत आलेला असतो, कापणी तोंडावर असते. फोटोसाठी शेतात उतरलेला एक माणूस ओंब्या झाडून जातो, आणि बांधाच्या कडेवर पडलेलं पाऊल नाचणी तर तुडवतंच, बांधही ढासळवतं. त्या बांधातून पाणी फुटलं तर खालच्या शेताचंही नुकसान. आपल्याकडे कोकणात कुणी असं केलं तर शेतकरी काय म्हणेल ते आपल्याला ठाऊक आहे. मळलेली वाट सोडू नका.

नाकात मोठ्या चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण असलेल्या आज्या दिसतील. ती प्रथा पन्नासेक वर्षांपूर्वी थांबली, त्यामुळे या शेवटच्या पिढीतल्या बायका. कॅमेरा रोखण्याआधी जवळ जा, बसा, विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. बऱ्याच जणी चहा देतात, गप्पा मारतात, मग स्वतःहून फोटो काढू देतात.

कचरा कुठे टाकायचा?

जितका कमी न्याल तितका उत्तम. लाडू-चिवडा घरीच डब्यात भरा, दुकानाच्या पुड्या नेऊ नका. पाण्याची भरता येणारी बाटली, एक स्टीलची ताटली, वाटी, चमचा. ओल्या हवेत ओले टिश्यू चिखलात मिसळतात आणि कधीच वेचले जात नाहीत, म्हणून पंचाच बरा. तुटलेल्या खुंट्या, फाटलेले स्वस्त रेनकोट शेवटच्या दिवशी मैदानात पडलेले दिसतात, ते उचलायला गावातली पोरं येतात. आपलं आपण उचलून हापोलीपर्यंत आणलं तर त्यांचं काम हलकं होईल.

परतीची तयारी?

शेवटच्या रात्रीनंतर लगेच त्याच दिवशीचं विमान धरू नका. मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, गुवाहाटीत काढा. परतीच्या सुमोची जागा पोचल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण सोमवारी सकाळी अख्खं मैदान एकदम निघतं. गाडीत घालायला एक धुतलेला जोड सॅकच्या तळाशी वेगळा ठेवा.

तंबू बहुधा ओलाच गुंडाळावा लागेल. घरी आल्या आल्या तो उघडा, साध्या पाण्याने चिखल धुवा, साबण लावू नका आणि सावलीत दोन दिवस टांगून ठेवा. तसाच आठवडाभर राहिला तर काळे ठिपके पडतात, आतला पाणीरोधक थर चिकट होतो आणि पुढच्या पावसात तो तंबू उपयोगाचा राहत नाही. स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून न ठेवता कपाटात सैल ठेवा. गमबुटांत जुनी वर्तमानपत्रं भरा आणि दुसऱ्या दिवशी बदला.